नोटिफिकेशनमागची शंभर वर्षं जुनी गोष्ट: जॉन वॉटसन

मागच्या दिवाळी सेलमधली माझी एक फजिती आधी सांगतो.

रात्रीचा पाऊण वाजला होता. झोपायच्या आधी सहज एक शॉपिंग अ‍ॅप उघडलं. दोन दिवसांपूर्वी नुसता बघून ठेवलेला एक फोन कार्टमध्ये पडून होता. त्याच्याखाली लाल अक्षरांत टायमर पळत होता आणि शेजारी लिहिलं होतं की दोनच पीस शिल्लक आहेत. माझ्या हातातला फोन चौदा महिन्यांचा, एकदम धडधाकट. तरी छातीत धडधडायला लागलं. दोन मिनिटांत नऊ महिन्यांचा ईएमआय करून मोकळा झालो. सकाळी पुन्हा पाहिलं तर तोच फोन, तीच किंमत, टायमर परत पहिल्यापासून सुरू, आणि पीस अजूनही दोनच शिल्लक.

पार्सल आलं तेव्हा आईने विचारलं, जुना बिघडला का रे? मी नाही म्हणालो. मग घेतलास कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न. कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर असं काहीबाही सांगितलं, पण मलाच ते पटत नव्हतं. मला फोन नकोच होता. हातातून काहीतरी निसटतंय ही भीती घालवायची होती, आणि ती भीतीही पाच मिनिटांपूर्वी त्या स्क्रीननेच लावली होती.

एरवी आपण इथे एखादं फीचर कसं चालतं ते बघतो. आज थोडं मागे जाऊ. माणसाला वस्तूची माहिती देण्यापेक्षा त्याच्या भावनेचं बटण दाबावं, हा विचार प्रयोगशाळेतून थेट जाहिरातीच्या ऑफिसात घेऊन जाणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव जॉन ब्रॉडस वॉटसन.

गावाकडचा हूड पोरगा

वॉटसनचा जन्म ९ जानेवारी १८७८ चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या ट्रॅव्हलर्स रेस्ट या खेड्याजवळचा. आई कमालीची धार्मिक. एका नावाजलेल्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नावावरून तिने मुलाचं नाव ठेवलं, म्हणजे हाही पुढे उपदेशकच व्हावा. वडील याच्या अगदी उलट. दारू, भानगडी, आणि वॉटसन तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले ते गेलेच.

पोरगा बिथरला. मारामाऱ्या, पोलिसांकडून अटक, सगळं झालं. तरी सोळाव्या वर्षी तो फर्मन युनिव्हर्सिटीत शिरला आणि १८९९ मध्ये मास्टर्स घेऊन बाहेर पडला. तिथून शिकागो. खिशात पैसे नाहीत, म्हणून हॉटेलात वाढप्याचं काम, साफसफाई, प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल. १९०३ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली, तीही उंदीर कसे शिकतात या विषयावर.

हे उंदीर महत्त्वाचे आहेत. त्या काळात मानसशास्त्राचा अभ्यास म्हणजे माणसाला बसवायचं आणि मनात काय चाललंय ते सांग म्हणायचं. उंदराला असं विचारता येत नाही. त्याच्यासमोर काय ठेवलं आणि त्याने काय केलं, एवढंच मोजता येतं. वॉटसनच्या डोक्यात आलं की माणसाचंही असंच मोजलं तर?

१९०८ मध्ये तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाला. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत दिलेल्या भाषणात त्याने सरळ मांडलं की मन, जाणीव, अंतरंग या गोष्टी मोजता येत नाहीत, तेव्हा मानसशास्त्राने त्यांचा नाद सोडावा. बाहेरून काय दिलं आणि माणूस कसा वागला, एवढंच बघावं. वर्तनाचा अंदाज बांधता येणं आणि ते हवं तसं वळवता येणं, हे या शास्त्राचं काम. याला वर्तनवाद म्हणतात. दोनच वर्षांत तो अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. वय फक्त सदतीस.

पांढरा उंदीर आणि लोखंडी दांडा

वॉटसनचं म्हणणं होतं की माणूस जन्मतः तीनच भावना घेऊन येतो: भीती, राग आणि प्रेम. बाकी सगळं पुढे चिकटवलेलं असतं. हे दाखवायला त्याने आणि त्याची विद्यार्थिनी रोझाली रेनर हिने एक प्रयोग केला, जो आज कुठल्याही युनिव्हर्सिटीत मंजूर होणार नाही.

युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्यांच्या बाळांना दूध पाजायचं काम करणारी एक बाई होती. तिचं बाळ तिथेच वाढत होतं. लेखात त्याला अल्बर्ट असं नाव दिलंय. नऊ महिन्यांच्या अल्बर्टसमोर पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, जळता कागद असं एकेक ठेवून पाहिलं. पोरगं कशालाच घाबरलं नाही. फक्त पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला की दचकून रडायचं.

अकराव्या महिन्यात खरा प्रयोग सुरू झाला. उंदीर पुढे करायचा आणि बाळाने हात लावला की मागे दांड्यावर हातोडा. असं सात वेळा केलं. त्यानंतर आवाज बंद, नुसता उंदीर दाखवला तरी अल्बर्ट रडायला लागला, रांगत लांब पळायला लागला. पुढे तो ससा, कुत्रा, केसाळ कोट, एवढंच काय सांताक्लॉजच्या मुखवट्यालाही घाबरू लागला. एका गोष्टीची भीती दुसरीला चिकटवायची, याला पुस्तकात अभिसंधान आणि इंग्रजीत कंडिशनिंग म्हणतात.

बाळाच्या मनातली भीती कुणी काढली नाही. आई त्याला घेऊन हॉस्पिटल सोडून गेली आणि प्रयोग तिथेच संपला. १९२० मध्ये लेख छापून आला. एका बाळावरचा प्रयोग म्हणून शास्त्रीयदृष्ट्या त्यात बऱ्याच त्रुटी होत्या, पण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो जाऊन बसला.

नोकरी गेली, आणि गावोगाव रबरी बूट

त्याच वर्षी वॉटसनचं आयुष्य उलटंपालटं झालं. तो विवाहित, दोन मुलांचा बाप, आणि रोझालीच्या प्रेमात. पत्नीच्या हाती पत्रं लागली, प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं, पेपरांत गाजलं. युनिव्हर्सिटीने राजीनामा घेतला. पुढे त्याने रोझालीशी लग्न केलं, पण कुठलीच युनिव्हर्सिटी त्याला घ्यायला तयार नव्हती.

तेव्हा जे. वॉल्टर थॉम्पसन या न्यूयॉर्कच्या मोठ्या जाहिरात एजन्सीने दार उघडलं. एजन्सीचा प्रमुख स्टॅनली रिझर याला जाहिरात हे अंदाजपंचे काम न राहता शास्त्र व्हावं असं वाटत होतं. पण त्याने वॉटसनला आल्याआल्या केबिन दिली नाही. आधी मिसिसिपी नदीकाठच्या गावांत पाठवलं, लोक रबरी बूट कोणते आणि का घेतात ते विचारायला. मग किराणा दुकानदारांच्या दारोदार कॉफी खपवायला. १९२१ मध्ये वॉटसनने न्यूयॉर्कच्या मेसीज या भल्यामोठ्या दुकानात दोन महिने काउंटरवर सेल्समन म्हणून काम केलं. काल ज्याच्या व्याख्यानाला गर्दी व्हायची, तो आज गिऱ्हाइकाला सामान बांधून देत होता.

त्याला मात्र यात कमीपणा वाटला नाही. उंदीर शिकताना बघावा तसं गिऱ्हाईक खरेदी करताना बघणं त्याला रंजक वाटलं. ग्राहक म्हणजे कारखानदाराच्या दृष्टीने प्रयोगशाळेतला बेडूक, अशी तुलनाही त्याने करून टाकली. १९२४ मध्ये तो एजन्सीचा व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि प्राध्यापकाच्या पगाराच्या कितीतरी पट कमवायला लागला.

सिगारेट, पावडर आणि राणीसाहेब

इथून पुढचं वाचताना आपला फोन डोळ्यांसमोर ठेवा.

सिगारेट ओढणाऱ्यांना आपलाच ब्रँड बेस्ट वाटायचा. वॉटसनने त्यांचे डोळे बांधले आणि वेगवेगळ्या सिगारेटी दिल्या. आपला ब्रँड कोणता हे लोकांना धड ओळखताच येईना. म्हणजे आवड तंबाखूत नव्हती, डोक्यात होती. मग पैसा माल सुधारण्यावर घालायचा की डोक्यातल्या चित्रावर? धंदेवाल्यांनी यातून काय घेतलं ते सांगायला नको.

जॉन्सनच्या बेबी पावडरच्या कामात त्याने डोळा ठेवला तरुण, मध्यमवर्गीय, पहिलटकरणीवर. पावडर स्वच्छ आणि शुद्ध, डॉक्टरांना मान्य, हे सांगायचं, आणि त्याबरोबर अस्वच्छतेचा, रोगाचा धोका सतत जाणवत ठेवायचा. म्हणजे न वापरणाऱ्या आईला आतून वाटलं पाहिजे की आपण बाळाच्या बाबतीत कुठेतरी कमी पडतोय. लोखंडी दांडा इथेही होता, फक्त त्याचा आवाज आईच्या मनात व्हायचा.

पाँड्सच्या कोल्ड क्रीमच्या जाहिरातीत रुमानियाची राणी मेरी झळकली. क्रीमने त्वचेवर काय होतं यापेक्षा राणी वापरते ते मीही वापरते, ही भावना विकायची. आजच्या इन्फ्लुएन्सर रीलचं मूळ तुम्हाला इथे दिसेल. पण या मोहिमेचं मोठं श्रेय त्याच एजन्सीतल्या हेलन लॅन्सडाउन रिझर या कॉपीरायटरकडे जातं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंटरनेटवर वॉटसनला आधुनिक जाहिरातीचा जनक वगैरे म्हणतात, ते जरा जास्तच आहे. वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाचं जाहिरातीवरचं पुस्तक १९०३ मध्येच आलं होतं. भीती दाखवून औषधं विकणं तर त्याहून जुनं. वॉटसनने त्याला शास्त्राचा शिक्का दिला. एक नामवंत प्राध्यापक सांगतोय की भीती, राग आणि प्रेम यांना हात घाला, म्हटल्यावर कंपन्यांच्या मनातला संकोच गेला. एका अर्थी वॉटसन स्वतःच त्या एजन्सीची मोठी जाहिरात होता.

या एजन्सीने १९२९ मध्ये मुंबईत ऑफिस उघडलं. जनरल मोटर्स ही कार कंपनी तिथली सुरुवातीची ग्राहक. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये शिजलेली ही विचारसरणी आपल्या दारात यायला फार वेळ लागला नाही.

मूल म्हणजेही प्रॉडक्ट

वॉटसनचा दावा दुकानापुरता नव्हता. माणसाचं व्यक्तिमत्त्व म्हणजे त्याच्या सवयींची बेरीज, त्याच्या आत वेगळा असा कुणी मी बसलेला नाही, असं त्याचं मत होतं. धडधाकट बाळं माझ्या ताब्यात द्या, त्यातल्या कुणालाही मी डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो, या अर्थाची त्याची बढाई प्रसिद्ध आहे. आपण पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय हे त्याने तिथेच कबूल केलं होतं, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही.

१९२८ मध्ये रोझालीच्या मदतीने त्याने बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. काही महिन्यांत लाखभर प्रती खपल्या. सल्ला असा, की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका. झोपताना फार तर कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी हस्तांदोलन करा. लाड केले की मूल परावलंबी होतं. लाखो आयांना आपल्या मायेचीच शंका यायला लागली. पावडरच्या जाहिरातीतली तीच युक्ती, फक्त यावेळी विकायला सल्ला होता.

त्याच्या घरातही हेच नियम होते. रोझालीने १९३० मध्ये एका मासिकात लिहिलेल्या लेखातून कळतं की तिला हे सगळं पाळणं जड जात होतं, तिला हसतंखेळतं, मायेचं घर हवं होतं. १९३५ मध्ये आजारपणात ती गेली, वयाच्या चाळिशीच्या आत. वॉटसन कोलमडला. दोन मुलांपैकी मोठा पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला आणि त्याने आत्महत्या केली. याचं खापर एका पुस्तकावर फोडता येणार नाही, माणसाचं आयुष्य इतकं सरळ नसतं. पण धाकट्या मुलाने पुढे सांगितलं की वडिलांना भावनिक जवळीक जमतच नव्हती. म्हातारपणी वॉटसनलाही त्या पुस्तकाचा पश्चात्ताप झाला. ते लिहिण्याइतकी माहिती आपल्याकडे नव्हती, असं त्याने मान्य केलं.

आता तुमच्या हातातली प्रयोगशाळा

वॉटसनच्या काळात जाहिरातीखाली कूपन छापायचे. किती कूपनं कापून परत आली ते मोजायचं आणि कुठली जाहिरात चालली ते ठरवायचं. याला आठवडे लागायचे. आज तेच काम काही तासांत होतं. एका गटाला लाल बटण, दुसऱ्याला हिरवं, आणि कुणी जास्त दाबलं ते बघायचं. याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. तुम्ही काय विचार करता हे अ‍ॅपला विचारायचं नसतंच. काय दाखवलं आणि बोट कुठे गेलं, एवढंच मोजलं जातं. हे वॉटसनचं १९१३ चं भाषणच आहे, फक्त सर्व्हरवर चालवलेलं.

यात पुढे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने भर घातली. बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून, अनपेक्षितपणे दिलं तर प्राणी ते बटण जास्त चिकाटीने दाबत राहतो, हे त्याने प्रयोगांतून दाखवलं. फीड खाली ओढून रिफ्रेश करताना आपण तेच करत असतो. कधी भारी काहीतरी मिळतं, बहुतेक वेळा नाही.

आणि तो टायमर? भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा १३ युक्त्यांची यादी आहे. खोटी घाई लावणं त्यात पहिलं. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण देणं, हेही त्यात आहे. म्हणजे रात्री पाऊण वाजता मला झालेली धडधड हा माझा बावळटपणा नव्हता, निदान सगळा तरी नव्हता. या युक्तीला सरकारी कागदावर नाव आहे.

मग करायचं काय?

वॉटसनच्या शास्त्राची एक बाजू लोक विसरतात. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी, वॉटसनच्याच मार्गदर्शनाने, पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाशी खेळायला लागला. म्हणजे जे चिकटवता येतं ते हळूहळू सोडवताही येतं. मी स्वतः करतो ते सांगतो:

१. शॉपिंग अ‍ॅपची नोटिफिकेशन्स पूर्ण बंद करू नका, नाहीतर डिलिव्हरीचा मेसेज चुकेल. नोटिफिकेशन आलं की त्यावर बोट दाबून धरा, सेटिंग्जमध्ये जा आणि अ‍ॅपने वेगवेगळे प्रकार दिले असतील तर फक्त ऑफर आणि प्रमोशनवाला प्रकार बंद करा.

२. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅड्स असं सर्च करा आणि अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ट्रॅकिंग बंद करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण एका अ‍ॅपमध्ये बघितलेली वस्तू दुसऱ्यात मागे लागणं कमी होईल.

३. टायमर दिसला की अ‍ॅप बंद करा आणि सकाळी उघडा. टायमर परत पहिल्यापासून पळत असेल तर समजून जा. स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

४. कार्डचे डिटेल्स अ‍ॅपमध्ये सेव्ह ठेवू नका. नंबर टाकायला लागणारी दोन मिनिटं डोकं थंड व्हायला पुरतात.

वॉटसनचा शेवट

१९३५ मध्येच वॉटसन दुसऱ्या जाहिरात एजन्सीत गेला आणि १९४५ मध्ये निवृत्त झाला. कनेक्टिकटमधल्या शेतावर एकटा राहायला लागला. १९५७ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या त्याच संघटनेने त्याला सुवर्णपदक जाहीर केलं. ज्यांनी पाठ फिरवली होती ते तब्बल ३७ वर्षांनी मान द्यायला तयार झाले. वॉटसन न्यूयॉर्कपर्यंत गेला, पण ऐन वेळी आत गेलाच नाही. मुलाला पुढे पाठवलं. सगळ्यांसमोर आपल्याला रडू कोसळेल अशी त्याला भीती वाटली. घरी आपली कागदपत्रं त्याने जाळून टाकली. २५ सप्टेंबर १९५८ रोजी तो गेला.

आत काही नसतं, जे दिसतं आणि मोजता येतं तेच खरं, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला सभागृहाच्या दारातून परत फिरवलं ते आतल्याच कशाने तरी. त्या दिवशी बाहेरून मोजणाऱ्याला एवढंच दिसलं असतं की माणूस आला नाही. का आला नाही, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

अ‍ॅपलाही माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे की मी बटण दाबलं. का दाबलं हे आईने विचारलं. आता काही ऑर्डर करायच्या आधी मी तिचे दोन्ही प्रश्न स्वतःला विचारतो: जुनं बिघडलंय का, आणि मग कशाला? कधीकधी उत्तर खरंच मिळतं आणि मी वस्तू घेतो. बहुतेक वेळा अ‍ॅप बंद करतो. त्या फोनचे मात्र तीन हप्ते अजून बाकी आहेत.

तुमच्या ग्रुपमध्ये सेलच्या रात्री जागणारा एखादा मित्र असेलच. पुढचा सेल लागायच्या आधी त्याला हा लेख पाठवून ठेवा.